सुपर कपला बसलेला खो

पुण्यात कुणाला 'मी धाराशिवची' असं सांगितलं, की समोरून येणारी वाक्यं ठरलेली असतात. 'धाराशिव म्हणजे आधीचं उस्मानाबाद ना?' हे पहिलं. 'तुळजापूरला जाताना लागतं तेच का?' हे दुसरं. समोरचा मटणाचा शौकीन असेल, तर 'उस्मानाबादी शेळी!' हे तिसरं. त्यात मी फ्रीलान्स पत्रकार आहे आणि अधूनमधून फुटबॉलवर लिहिते, हे कळलं की चौथं वाक्य येतं, 'धाराशिव आणि फुटबॉल? हे कुठून आलं बुवा?'

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. आमच्याकडे मैदान म्हटलं की खो-खो. संध्याकाळी स्टेडियमवर गेलात तर दोन पोल, मधली पाटी, गुडघ्यांवर खरचटलेल्या मुली आणि शिट्टी फुंकून-फुंकून घसा बसलेले सर, हे दृश्य हमखास दिसेल. फुटबॉलचा नाद मला लागला तो पुण्यात मास कॉम करताना, होस्टेलच्या कॉमन रूममधल्या टीव्हीमुळे. रिमोट जिच्या ताब्यात असायचा ती रूममेट मडगावची होती. म्हणजे विषयच संपला!

तर हा लेख सुपर कपबद्दल आहे. आपल्या देशातल्या फुटबॉलच्या सुपर कपबद्दल. थांबा, लगेच पान उलटू नका. ऑफसाइडचा नियम समजावून सांगायचा माझा अजिबात इरादा नाही. ही गोष्ट आहे १९९७ साली सुरू झालेल्या एका स्पर्धेची. ती किती वेळा थांबली, कितीदा नव्याने सुरू झाली आणि थांबली तेव्हा कुणाचं काय गेलं, याची. ज्यांचं अप्रेझल कधी ना कधी 'पुढच्या क्वार्टरला बघू' म्हणून ढकललं गेलंय, त्यांना ती ओळखीची वाटेल.

टॉपर विरुद्ध टॉपर

सुपर कप म्हणजे काय, हे ऑफिसच्या भाषेत सांगते. लीग म्हणजे वर्षभराचं काम. रोज वेळेवर यायचं, टार्गेट पूर्ण करायचं, सुट्ट्या कमी घ्यायच्या आणि वर्षअखेरीस सगळ्यांत जास्त पॉइंट्स मिळवायचे. कप म्हणजे क्लायंटसमोरचं प्रेझेंटेशन. एक दिवस चुकलात की घरी. लीग जिंकणारा आणि कप जिंकणारा हे नेहमी एकच नसतात, हे आपल्याला ऑफिसमध्ये चांगलंच माहीत असतं. मग प्रश्न पडतो, या दोघांत भारी कोण? त्यांना एकदा समोरासमोर उभं करा आणि होऊन जाऊ द्या. त्याचं नाव सुपर कप.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९०८ साली चॅरिटी शील्ड सुरू झाली. पहिल्या वर्षी लीग विजेता मँचेस्टर युनायटेड आणि सदर्न लीगचा विजेता क्वीन्स पार्क रेंजर्स आमनेसामने होते. आज तिला कम्युनिटी शील्ड म्हणतात. युरोपच्या सुपर कपची आयडिया तर चक्क एका पत्रकाराची, अँटन विटकँप या डच पत्रकाराची! सत्तरच्या दशकात आयॅक्स संघ सगळ्यांना धूळ चारत होता. त्याला भिडणार कोण, या विचारातून १९७२ साली त्याने ही लढत सुचवली आणि जानेवारी १९७३ मध्ये आयॅक्स विरुद्ध रेंजर्स सामने झालेसुद्धा. आमच्या जमातीच्या माणसाने नुसत्या बातम्या न देता एक स्पर्धाच जन्माला घातली, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

नंतर यात पैसाही आला. स्पेनचा सुपर कप २०२० पासून चार संघांचा झाला आणि उचलून सौदी अरेबियात नेला गेला. पण एक गोष्ट बघा. मैदान बदललं, नाव बदललं, स्पॉन्सर बदलले, तरी ही स्पर्धा आली की तिकडच्या माणसाला साधारण कळतं, की हा कुठला महिना आहे. आपल्याकडे दिवाळी अंक आले की कळतं तसं.

आपल्या सुपर कपबाबत नेमकं तेच कधी जमलं नाही.

पहिला अध्याय : १९९७ ते २०११

आपल्याकडे फेडरेशन कप १९७७ पासून होता. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये आली आणि पहिल्या मोसमात पंजाबचा जेसीटी संघ जिंकला. आता लीगही होती आणि कपही होता, म्हटल्यावर सुपर कप हवाच. तो १९९७ मध्ये आला आणि ईस्ट बंगालने जिंकला. पुढची दोन वर्षं गोव्याच्या साळगावकरने तो आपल्याकडे ठेवला.

मग महाराष्ट्राची पाळी आली. २००३ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने सुपर कप जिंकला. कंपनीची ही टीम १९६२ पासूनची. कूपरेज हे तिचं घर. दक्षिण मुंबईत ऑफिस असलेल्यांनी लंच अवरला कूपरेजच्या बाहेरून चक्कर मारली असेल, पण आत देशातली एक नंबरची टीम सराव करायची, हे किती जणांना माहीत असेल? याच महिंद्राने डेरिक परेरा यांच्या कोचिंगखाली २००५-०६ च्या मोसमात फेडरेशन कप आणि राष्ट्रीय लीग असा डबल धमाका केला.

आता गंमत बघा. कपही यांचा, लीगही यांची. मग सुपर कप खेळायचा कुणी कुणाशी? स्वतःशीच? अशा वेळी दुसरा प्रतिस्पर्धी शोधावा लागतो. २००६ च्या सुपर कपला महिंद्रासमोर ईस्ट बंगाल उभा राहिला आणि तो चक्क जिंकला. म्हणजे वर्षभर टॉप करणाऱ्याची पार्टी शेजारच्याने लुटली. फुटबॉल हा असा खेळ आहे, म्हणूनच तो बघावासा वाटतो.

पुढे २००७ मध्ये मोहन बागानने डेम्पोला ४-० असं धुतलं. २०११ मध्ये ईस्ट बंगालने साळगावकरला टायब्रेकरवर हरवलं. आणि मग? मग काहीच नाही. कुणी 'आता बंद' अशी पाटी लावली नाही की निरोप समारंभ केला नाही. स्पर्धा एखाद्या वर्षी होत नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही होत नाही. मग लोक विचारायचं सोडून देतात.

माझ्या धंद्यात हे मी रोज बघते. मागे एका मासिकात माझा कॉलम होता. तो बंद झाला असं मला कुणी कधी सांगितलं नाही. फक्त 'या महिन्यात जागा नाही' असं सलग चार महिने ऐकलं आणि पाचव्या महिन्यात मीच फोन केला नाही. फ्रीलान्सरला नारळ असाच मिळतो, न फोडता.

टीम गेली, माणसं उरली

सुपर कप थांबायच्या आसपास महाराष्ट्राच्या फुटबॉलमध्ये काय चाललं होतं? २०१० मध्ये महिंद्राने सीनियर टीम बंद केली आणि शालेय फुटबॉलकडे मोर्चा वळवला. अठ्ठेचाळीस वर्षांची टीम. सुपर कप जिंकणारी महाराष्ट्रातली टीमच जागेवर राहिली नाही.

नंतर पुण्याचं बघा. पुणे एफसी २००७ मध्ये आली आणि २०१५ नंतर गायब झाली. भारत एफसी एकच मोसम टिकली. डीएसके शिवाजीयन्स आली आणि गेली. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आयएसएलसोबत वाजतगाजत आली, बालेवाडीला आम्ही गळ्यात स्कार्फ अडकवून गेलो, सेल्फी काढले. २०१९ मध्ये टीम गुंडाळली गेली आणि तिची जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये तीच हैदराबादहून दिल्लीला पोचली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. आयटीतला एखादा प्रोजेक्टही इतक्या वेळा ट्रान्सफर होत नाही हो!

पण टीम बंद झाली म्हणून माणसं बंद पडत नाहीत. खालिद जमील यांचंच घ्या. ते महिंद्राच्या जर्सीत खेळले, नंतर मुंबई एफसीचे कोच झाले. ती टीमही २०१७ मध्ये गेली. त्याच सुमाराला मिझोरामच्या छोट्याशा ऐझॉल क्लबला घेऊन त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दाखवली. मे २०२५ मध्ये सुपर कपच्या फायनलला त्यांची जमशेदपूरची टीम होती आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. ज्या क्लबांनी हा माणूस घडवला त्यातले दोन आज फक्त जुन्या फोटोंत सापडतात. माणूस मात्र देशाच्या डगआउटमध्ये जाऊन बसला. नोकरी बदलताना रिझ्युमे अपडेट करणाऱ्या प्रत्येकाने हा रिझ्युमे एकदा नजरेखालून घालावा.

दुसरा अध्याय : पुन्हा एकपासून

२०१८ मध्ये सुपर कप परत आला. पण हा जुना सुपर कप नव्हे. फेडरेशन कप २०१७ मध्ये शेवटचा झाला होता आणि त्याच्या जागी ही नॉकआउट स्पर्धा आली, आयएसएल आणि आय-लीग अशा दोन्हीकडच्या संघांची. नाव तेच, पण गणती पुन्हा एकपासून. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर बंगळुरूने ईस्ट बंगालला ४-१ हरवून ही 'पहिली' स्पर्धा जिंकली.

दुसऱ्याच वर्षी रुसवेफुगवे. आय-लीगच्या बऱ्याच क्लबांना आपल्याला सावत्र वागणूक मिळते असं वाटत होतं, त्यांनी २०१९ च्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. तरी स्पर्धा झाली. एफसी गोवाने चेन्नईयिनला २-१ हरवलं आणि क्लबला पहिली मोठी ट्रॉफी मिळाली. माझ्या मडगावच्या रूममेटने त्या रात्री सगळ्यांना स्वतःच्या पैशांनी आइस्क्रीम खिलवलं होतं. ती एरवी चहाचे सुद्धा पैसे विभागून घेणाऱ्यांतली. यावरून काय ते समजा.

मग २०२०, २०२१, २०२२. कोविड आला, बायो-बबल आले, कॅलेंडर विस्कटलं. लीग कशीबशी झाली, सुपर कपला मात्र खो बसला. तीन वर्षं.

२०२३ मध्ये तो केरळात परतला. कोळिकोडला ओडिशा एफसीने बंगळुरूला २-१ हरवलं. ओडिशाचे तेव्हाचे हंगामी कोच क्लिफर्ड मिरांडा, म्हणजे एके काळी डेम्पोच्या मधल्या फळीत खेळणारा आपला शेजारी गोव्याचा माणूस. २०२४ च्या जानेवारीत पुन्हा भुवनेश्वर. ईस्ट बंगालने ओडिशाला जादा वेळेत ३-२ हरवलं आणि बारा वर्षांचा ट्रॉफीचा दुष्काळ संपवला. दुष्काळ हा शब्द धाराशिवकराने वापरला की तो कसा आतून येतो, ते सांगायला नको.

२०२५ मध्ये तर कमालच. मेमध्ये एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये पुढचा सुपर कप सुरूही झाला! कारण आयएसएलचा २०२५-२६ चा मोसम करारमदारांच्या घोळात अडकला होता. खेळाडू घरी बसलेले. तेव्हा ज्या सुपर कपला वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही, तोच पुढे करावा लागला. घरात सगळ्यांत शांत असलेली थोरली सून ऐन लग्नघाईत उपयोगी पडते ना, तसं.

महाराष्ट्राचा हिशेब विचाराल, तर मुंबई सिटी २०२४ मध्ये आणि २०२५ मधल्या दोन्ही स्पर्धांमध्ये, म्हणजे सलग तीन वेळा, सेमीफायनलला हरली. २०१८ ते २०२५ या काळात नव्या सुपर कपचा एकही सामना महाराष्ट्रात झाला नाही.

'एवढं काय आहे त्या कपात?' असं विचाराल तर एकच उदाहरण देते. मे २०२५ चा सुपर कप जिंकल्यामुळे एफसी गोवाला आशियाई स्पर्धेच्या प्लेऑफचं तिकीट मिळालं. तिथे त्यांनी ओमानच्या अल सीबला हरवलं आणि मग ऑक्टोबरमध्ये सौदीची अल नस्र टीम मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर खेळायला आली. रोनाल्डो आला नाही, हे खरं. गोवा १-२ असं हरलं, हेही खरं. पण गोव्याचा एक गोल झाला आणि तो घरच्याच ब्रायसन फर्नांडिसने मारला. सुपर कप त्या वर्षी झालाच नसता, तर ही रात्र फातोर्ड्याला अशी मिळाली नसती.

'त्यांनी काय करायचं?'

७ डिसेंबर २०२५, रविवार. फातोर्ड्यावर सुपर कपची फायनल, एफसी गोवा विरुद्ध ईस्ट बंगाल. मी मावसभावाच्या लग्नासाठी धाराशिवला होते. मांडवात दिवसभर वाढून-वाढून पाय गेलेले, हातावरची मेंदी सुकलेली आणि मी गच्चीत मोबाईल घेऊन बसलेली. शेजारी माझी मावसबहीण येऊन टेकली. वय एकोणीस, खो-खो खेळते, जिल्ह्याकडून खेळलीय. फुटबॉलशी तिचा संबंध शून्य.

"काय बघायलीस ताई?"

"सुपर कपची फायनल."

ती बघत बसली. नव्वद मिनिटं झाली, शून्य-शून्य. जादा वेळ झाला, तरी शून्य-शून्य.

"दोन तास झाले की गं. एक पण गोल नाही? आमच्यात एवढ्यात दोन मॅची होतेत."

शेवटी पेनल्टी शूटआउट. गोवा ६-५ असं जिंकलं. मी मडगावच्या मैत्रिणीला मेसेज केला. तिने उत्तरादाखल नुसत्या ओरडण्याचा व्हॉइस मेसेज पाठवला. मावसबहिणीने मग सहज विचारलं,

"मागच्या टायमाला कोण जिंकलं होतं?"

"गोवाच. ह्याच वर्षी, मेमध्ये."

"एका वर्षात दोनदा? आन् त्याच्या आधी?"

"चोवीसला ईस्ट बंगाल, तेवीसला ओडिशा."

"त्याच्या आधी?"

"तेव्हा झालीच नाही. वीस, एकवीस, बावीस. तिन्ही वर्षं नाही."

ती गप्प झाली. मला वाटलं, झोप आली असेल. मग म्हणाली, "मग त्या वर्षी ज्यांचं वय होतं, त्यांनी काय करायचं?"

सुपर कपवर मी इतकं वाचलंय. कुठल्या फायनलला कुणी गोल मारला ते सांगू शकते. हा प्रश्न मात्र एकाही लेखात वाचला नव्हता.

तिला तो पडला, त्याचं कारण आहे. २०२० मध्ये ती चौदा वर्षांखालच्या गटात होती. तीन वर्षं पहाटे पाचला उठून मैदानावर गेली होती. सर म्हणाले होते, यंदा राज्यापर्यंत नक्की. मग शाळाच बंद झाल्या आणि त्यांच्यासोबत शालेय स्पर्धाही. मैदान परत उघडलं तेव्हा तिचा गट संपला होता. वरच्या गटात तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, उंच मुली होत्या. पुन्हा जागा मिळवायला तिला दीड वर्ष गेलं. तिच्यासोबतच्या दोघी परत आल्याच नाहीत. एकीचं लग्न झालं, दुसरी घरच्या दुकानात बसते.

आणि आमच्याकडे खेळ हा हौसेपुरता नसतो, हे शहरातल्या वाचकांनी लक्षात घ्यायला हवं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्रासाठी स्पर्धा लागते आणि स्पर्धा त्या वर्षी व्हावी लागते. 'मी चांगली खेळत होते, पण त्या वर्षी मॅच झाली नाही' असं कुठल्याही फॉर्मवर लिहायला रकाना नाही.

पंचावन्नावी

आमच्या गावची सारिका काळे आज सगळ्यांना माहीत आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची ती कर्णधार. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोच्या वाट्याला तो बावीस वर्षांनी आला होता आणि ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. घरची परिस्थिती इतकी ओढगस्तीची, की कित्येक वर्षं एक वेळ जेवून दिवस काढले, हे तिनेच मुलाखतींत सांगितलंय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

हे यश कुठून येतं, यावर भाषणं खूप होतात. जिद्द, चिकाटी, मातीचा गुण वगैरे. ते असेलच. पण मला त्यामागे एक साधी गोष्ट दिसते. राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला सुरू झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती आमच्या गावात, श्री तुळजाभवानी स्टेडियमवर झाली, तेव्हा तिच्यावर आकडा होता, '५५ वी'.

साठ-बासष्ट वर्षांत पंचावन्न. म्हणजे खो-खोलाही मधूनमधून खो बसलाच की! पण गणती कुणी पुसली नाही. चोपन्नाव्या स्पर्धेत खेळलेली मुलगी आणि पंचावन्नाव्या स्पर्धेची वाट बघणारी मुलगी एकाच दोरीत ओवलेल्या राहिल्या. मैदानावर पहाटे जाणाऱ्या पोरीला तो आकडा पुरतो. पंचावन्नावी झाली म्हणजे छप्पन्नावी होणार. तिच्या बाबांना सांगायला तेवढं कारण बास असतं.

सुपर कपचं दुखणं नेमकं इथे आहे. ईस्ट बंगालने १९९७, २००६ आणि २०११ मध्ये जिंकलेला सुपर कप वेगळा आणि २०२४ मध्ये जिंकलेला वेगळा. महिंद्राने २००३ मध्ये जिंकलेला कप जुन्या खात्यात. आपल्याकडे टीम जातात, स्पर्धा जातात आणि परत आल्या की पुन्हा 'पहिली'पासून उद्घाटन. नारळ फुटतो, फोटो निघतो. मधल्या वर्षांत ज्यांचे गुडघे तरुण होते, त्यांची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

फुटबॉलपटूचं उमेदीचं वय किती? दहा वर्षं, फार तर बारा. २०११ मध्ये जो मुलगा वीस वर्षांचा होता, तो सुपर कप परत आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा झाला. मधली सहा वर्षं त्याच्यासाठी ही स्पर्धा नव्हतीच. तो वाईट खेळला म्हणून नव्हे, तर मैदानच मांडलं गेलं नाही म्हणून. आपण हरलेल्यांच्या गोष्टी फार रंगवून सांगतो. ज्यांना हरायचीही संधी मिळाली नाही, त्यांच्या गोष्टी कोण सांगणार?

म्हणून मला २०२५ चा तो एका वर्षात दोनदा झालेला, घाईघाईने पुढे केलेला, लोकांनी थट्टा केलेला सुपर कप मनापासून आवडला. त्याच्यामागचा घोळ विसरायचं कारण नाही. पण तो झाला. कुणीतरी बावीस वर्षांचा पोरगा त्यात पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरात उतरला असेल. त्याच्या आईने मोबाईलवर मॅच बघितली असेल. त्याच्या रिझ्युमेत एक ओळ वाढली. हे काय कमी आहे?

मावसबहीण सध्या वरिष्ठ गटाच्या निवड चाचणीची तयारी करतेय. परवा फोनवर म्हणाली, "ताई, तारीख लागली." निवड होईल की नाही, हे तिला माहीत नाही आणि मलाही. तरी तिच्या आवाजात जो आनंद होता, तो पगारवाढीचा मेल आल्यावर आपल्या आवाजात असतो त्याच्या दुप्पट होता. फक्त तारीख लागली होती, एवढ्यावर!

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी सुपर कपची बातमी दिसली, की 'कोण जिंकलं' हे जरूर वाचा. पण त्याआधी 'यंदा झाली का?' हे विचारा. आमच्या धाराशिवला पहिला प्रश्न तोच असतो.